दगडाखालचं सोनं

मॉरिशसच्या मळ्यात गेलेल्या कोकणी आजोबांची आणि त्यांच्या नातवंडांची हकिगत

आपल्या आजा-पणजांच्या तोंडी ‘मोरस साखर’ हा शब्द असायचा. गुळाच्या ढेपेवर वाढलेल्या त्या पिढीला वाण्याच्या दुकानातली ती पांढरीशुभ्र दाणेदार साखर म्हणजे नवलाईचीच वस्तू. मोरस म्हणजे मॉरिशस. मादागास्करच्या पूर्वेला, हिंदी महासागरात असलेलं एक छोटं बेट. आकाराने आपल्या पुणे जिल्ह्याच्या आठव्या हिश्श्याएवढं. तिथली साखर बोटीने हिंदुस्थानात यायची. आणि इकडून बोटीने तिकडे काय जायचं? तर तो ऊस लावायला आणि तोडायला माणसं!

त्या माणसांत बिहारचे भोजपुरी होते, मद्रासकडचे तमिळ आणि तेलुगू होते, आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले मराठीही होते. ते बहुतेक कोकणातले, रत्नागिरी आणि सावंतवाडीकडचे. गेले ते मजूर म्हणून, आणि त्यांतले पुष्कळ तिथंच राहिले. आज त्यांची पाचवी-सहावी पिढी तिथे नांदते आहे. सभासद बंधूंनो, आपणही उसावर जगणारी माणसं आहोत. तेव्हा उसाच्याच फडात, परमुलखात, दुसऱ्याच्या जमिनीवर ज्यांनी संसार उभा केला त्या आजोबांची हकिगत आपण ऐकायला हवी. ती केवळ दूरदेशीची गंमत नव्हे. तिच्यात आपल्या कामाचंही पुष्कळ आहे.

मजूर का लागले?

मॉरिशस १८१० साली इंग्रजांनी फ्रेंचांकडून जिंकून घेतलं. पण मळे आणि कारखाने फ्रेंच वंशाच्या मालकांकडेच राहिले. १८२५ साली इंग्लंडने मॉरिशसच्या साखरेवरची जादा जकात काढून वेस्ट इंडीजच्या साखरेच्या बरोबरीने आणली. मग काय, जो तो ऊस लावायला लागला. हे सारं काम आफ्रिका आणि मादागास्करहून धरून आणलेल्या गुलामांच्या पाठीवर चालत होतं.

इंग्रज सरकारने गुलामगिरी बंद केली आणि १ फेब्रुवारी १८३५ रोजी ती मॉरिशसमध्ये कायद्याने संपली. साठ हजारांवर गुलाम मोकळे झाले. नुकसानभरपाई मिळाली ती मात्र मालकांना, गुलामांना दमडीही नाही. सुटलेली माणसं पुन्हा त्या फडात पाऊल टाकायला राजी नव्हती. ऊस तर उभा. तेव्हा मालकांनी हिंदुस्थानाकडे नजर वळवली. पाच वर्षांच्या कराराने मजूर न्यायचे, असं ठरलं. इंग्रजीतल्या ‘ॲग्रीमेंट’चं आपल्या माणसांच्या तोंडी ‘गिरमिट’ झालं, आणि ते करून जाणारा गिरमिटिया ठरला.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ नावाचं जहाज ३६ मजुरांना घेऊन कलकत्त्याहून मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदराला लागलं. तिथून ही रांग सुरू झाली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांवर माणसं त्या बेटावर उतरली. सर्वांत जास्त कलकत्त्याहून, त्याखालोखाल मद्रासहून, आणि सर्वांत कमी मुंबईहून. १८६१ सालच्या शिरगणतीत पाहावं तर बेटावरची निम्म्याहून अधिक माणसं हिंदुस्थानी होती.

गावोगाव फिरणारे दलाल काय सांगायचे, हे तिकडच्या घरोघरी अजून सांगतात. त्या बेटावर दगड उलटला की खाली सोनं सापडतं, म्हणे! कर्जात बुडालेल्या, दुष्काळाने पिचलेल्या, घरच्या भांडणाला विटलेल्या माणसाला अशी बोली खरी वाटावी यात नवल नाही.

सोळा पायऱ्या आणि एक नंबर

महिना-दीड महिना समुद्रावर काढून माणूस पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरे. तिथे दगडी सोळा पायऱ्या आहेत. त्या चढून गेलं की मजुरांचा डेपो. या जागेला आता ‘आप्रवासी घाट’ म्हणतात. २००६ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. २ नोव्हेंबर हा दिवस तर मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टीचा आहे.

डेपोत कारकून नोंद घेई. नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, जहाजाचं नाव, अंगावरची खूण. आणि या सगळ्याच्या आधी एक नंबर! तिथून पुढे तो माणूस त्या नंबरानेच ओळखला जायचा. मळ्यावर, पोलिसांत, कोर्टात, दवाखान्यात, सगळीकडे आधी नंबर आणि मग नाव. १८६० नंतरच्या दशकात नोंदीबरोबर फोटोही काढू लागले. या नोंदवह्या आज मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत सांभाळून ठेवलेल्या आहेत. आपला पूर्वज कुठल्या गावचा हे शोधायला आजही नातू-पणतू तिथे जातात. गावाचं नाव इंग्रज कारकुनाने कानाला जसं वाटलं तसं लिहिलेलं. त्यातून रत्नागिरीतलं एखादं गाव ओळखून काढायचं म्हणजे कोडंच.

नावाची तर और तऱ्हा. कारकुनाने माणसाचं फक्त पहिलं नाव टिपलं, म्हणून पुढच्या पिढीला तेच आडनाव लागलं. समजा, आजोबांचं नाव सखाराम, तर पोरांचं, नातवंडांचं, साऱ्या घराण्याचं आडनाव सखाराम! गावाकडचं आडनाव समुद्रात बुडालं. पण एका परीने पाहिलं तर प्रत्येक सहीबरोबर त्या घरात आजोबांचं नाव निघतं. असं भाग्य आपल्याकडे किती आजोबांना लाभतं?

पाच रुपये पगार आणि दुहेरी कपात

पगार महिना पाच रुपये. वर शिधा. सुरुवातीच्या करारांत रोज दोन पौंड तांदूळ, अर्धा पौंड डाळ, थोडं मीठ आणि तेल, शिवाय वर्षाकाठी अंगावरचे कपडे आणि घोंगडी असं लिहिलेलं असे. कागदावर वाईट दिसत नाही. पण मेख पुढे होती. एक दिवस कामावर आला नाही, तर दोन दिवसांचा पगार कापायचा. याला तिकडे ‘दुहेरी कपात’ म्हणत. माणूस आजारी असो की खरंच कामचुकार, हिशेब एकच. पावसाळ्यात ताप आला आणि आठ दिवस अंथरूण धरलं, तर महिन्यातले सोळा दिवस गेले. मुकादमाने हजेरी नीट लावली नाही तर दाद कुठे मागायची?

सुरुवातीला करार संपला की परतीचं भाडं मालकाने द्यायचं होतं. पुढे १८५० नंतरच्या दशकात तेही बंद झालं. एकंदर पाहता, गेलेल्यांपैकी साधारण तिघांत एक परतला. बाकीचे तिथंच राहिले, काही खुशीने आणि बरेच नाइलाजाने.

करार संपलेल्या माणसाला तरी मोकळीक होती का? नाव ‘जुना मजूर’, पण त्याच्याही गळ्यात लगाम होताच. १८६७ च्या कायद्याने त्याला फोटो लावलेला पास कायम जवळ बाळगावा लागे. पास घरी विसरला आणि शिपायाने रस्त्यात हटकलं तर भटक्या म्हणून अटक. याच सुमारास हिवतापाची मोठी साथ आली आणि हजारो माणसं दगावली. अखेर १८७१ साली ९,४०१ जुन्या मजुरांनी सह्या-अंगठे करून गव्हर्नरकडे तक्रार-अर्ज दिला. अदोल्फ द प्लेव्हिट्झ नावाचा एक गोरा मळेवाला त्यांच्या बाजूने उभा राहिला आणि त्यानेच अर्ज तयार करायला मदत केली. त्यापायी त्याला आपल्याच जातभाईंचा मार खावा लागला. पण त्या अर्जामुळे विलायतेहून चौकशी आयोग आला, आणि १८७८ साली मजुरांचा कायदा बदलला.

आजोबांची हिकमत

आता खरी गोष्ट पुढे आहे. पाच रुपये पगाराचा, नंबरावर ओळखला जाणारा हा गडी जमिनीचा मालक कसा झाला?

काही जादू झाली नाही. झाली ती हिकमत आणि काटकसर. मळ्यातलं काम आटोपलं की खोपटाच्या मागे भाजीचा वाफा. गाय पाळायची, दूध विकायचं. कोणी फेरीवर भाजी विकली, कोणी गाडी हाकली. ज्याला चार माणसं सांभाळता येत तो मुकादम झाला. मुकादमाला तिकडे ‘सरदार’ म्हणतात. काहींनी टोळी जमवून उक्तं काम घेतलं, अगदी आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या घेतात तसंच. हाती आलेला पैसा बायकोच्या अंगावर चांदीच्या रूपाने ठेवायचा. बँक ती हीच! वेळ आली की मोडायचा. म्हणजे आजोबांच्या जमिनीत आजीच्या गळ्यातले आणि हातातले दागिनेही मुरलेले आहेत, हे विसरून चालणार नाही. भल्या पहाटे उठून गवताचे भारे आणणारी, गाय दोहणारी, पुन्हा दिवसभर फडात राबणारी ती आजी नोंदवहीत एका ओळीपुरतीच असते.

तेवढ्यात मोठ्या मळेवाल्यांचे दिवस फिरले. युरोपात बीटापासून साखर निघू लागली आणि भाव पडला. कर्जात आलेल्या मालकांनी आपल्या मळ्यांच्या कडेच्या, खडकाळ, आडबाजूच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. १८८० च्या सुमारास सुरू झालेली ही तुकडेविक्री पुढची तीसेक वर्षं जोरात चालली. जमीन घ्यायला पुढे आले ते हे जुने मजूर. थोडी रक्कम रोख, बाकी हप्त्याने. तिथलं जमिनीचं माप आर्पां, म्हणजे साधारण आपले बेचाळीस गुंठे. कोणी एक आर्पां घेतली, कोणी दोन. कुठे दोघा-तिघांनी मिळून घेतली.

आणि जमीन तरी कसली! आपल्या सह्याद्रीसारखाच तो ज्वालामुखीचा काळा कातळ. नांगर घालायला जागा नाही, इतके दगड. ते एकेक करून उचलायचे, शेतात मधोमध रचायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत बेणं दाबायचं. मॉरिशसच्या उसात आजही हे काळ्या दगडांचे ढीग उभे दिसतात. काही तर देवळाच्या शिखरासारखे रचलेले आहेत. दलालाने दगडाखाली सोनं सांगितलं होतं. ते काही निघालं नाही. निघाली ती ओंजळभर माती. आजोबांनी तिच्यातच ऊस लावला.

तिथला ऊसही आपल्याला ओळखीचा वाटेल. मोठ्या हंगामाची लागण आपल्या अडसालीसारखी दीड वर्षाची असते. तोडणी जूनपासून डिसेंबरपर्यंत. दगडाळ जमिनीत पुन्हा पुन्हा लागण परवडत नाही, म्हणून एका लागणीवर सहा-सात खोडवे घेतात. आपण दुसऱ्या खोडव्यालाच नाक मुरडतो!

या हिकमतीने एखादं घराणं कुठवर जातं, त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण भोजपुरी समाजातलं आहे. बिहारमधल्या हरीगावचा मोहित रामगुलाम नावाचा तरुण १८९६ साली, अठराव्या वर्षी, मॉरिशसला गेला. उसाच्या मळ्यावर तो मजुराचा सरदार झाला. १९०० साली त्याला मुलगा झाला, शिवसागर. पोर सात वर्षांचं असताना बाप गेला. बाराव्या वर्षी गोठ्यातल्या अपघातात मुलाचा एक डोळा गेला. तो मुलगा पुढे विलायतेला जाऊन डॉक्टर झाला आणि १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा पहिला पंतप्रधान झाला. मोहितचा नातू नवीनचंद्र हाही पंतप्रधान झाला. १९९५ साली, २००५ साली आणि पुन्हा २०२४ साली. मोहितने यातलं काहीच पाहिलं नाही.

ऊस आपला, काटा दुसऱ्याचा

जमीन आली, ऊस आला. पण ऊस घालायचा कुठे? गाळप मोठ्या मालकाच्या कारखान्यात. काटा त्याचा, उतारा काढणारा माणूस त्याचा, दरही तोच ठरवणार. त्यात मधले दलाल. हंगामाआधी ते उचल द्यायचे आणि ऊस आपल्या नावावर घालायचे. ही गोष्ट आपल्या सभासदांना फोड करून सांगायला नको. कारखाना आपला नव्हता तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांनी हेच भोगलं.

यावर उपाय म्हणून १९१३ साली मॉरिशसमध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. हिंदुस्थानात १९०४ साली जो कायदा आला त्याच्याच धर्तीवर. गावच्या छोट्या उत्पादकांनी एकत्र यायचं, एकमेकांना जामीन राहायचं, सावकाराचं व्याज चुकवायचं. पाच-पन्नास वर्षांपूर्वी पासावाचून रस्त्याने चालता न येणारी माणसं आता संस्थेच्या वहीत सभासद म्हणून सही करू लागली.

तरीही काटा परकाच होता. गरीब उत्पादक ‘उबा’ नावाची उसाची जात लावत. तिला खत कमी लागे, हलक्या जमिनीतही ती तग धरी. पण तिच्यात तंतू जास्त, साखर कमी. १९३७ साली कारखान्यांनी या उसाच्या दरात १५ टक्के कपात केली. मोठ्या मळेवाल्यांचा ऊस सुधारित जातीचा. मार बसला तो दोन-चार आर्पांवाल्यांना. ऑगस्ट महिन्यात उत्पादक आणि मजूर रस्त्यावर आले, ऊस पेटले. युनियन फ्लाक इथल्या कारखान्यावर जमाव गेला, तिथे गोळीबार झाला आणि चौघे ठार झाले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की त्या कारखान्याचा मालक गोरा नव्हता. तोही हिंदुस्थानी वंशाचाच होता. म्हणजे प्रश्न कातडीच्या रंगाचा नव्हता. काटा कोणाच्या हातात आहे, हा होता.

त्या चौघांचं मरण वाया गेलं नाही. चौकशी झाली. दुसऱ्याच वर्षी मजूर खातं आलं, कामगारांना संघटना करण्याचा कायदा आला. पाठोपाठ उत्पादक आणि कारखाना यांच्यातले तंटे तोडायला सरकारी मंडळ नेमलं गेलं. आज मॉरिशसमध्ये साखरेतला ७८ टक्के वाटा उत्पादकाचा आणि २२ टक्के कारखान्याचा, असा हिशेब आहे. आपल्याकडे उताऱ्यावर एफआरपी आणि चौदा दिवसांत पैसे, असा कायदा आहे. रीत वेगळी, पण दोन्हींच्या मागे मागच्या पिढ्यांचं भांडण आहे. दर आपोआप मिळत नसतो.

मागे काय ठेवलं?

मराठी समाज मॉरिशसमध्ये लहान, लोकसंख्येच्या दोनेक टक्के. भोवती भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मुसलमान, चिनी आणि क्रिओल. घराबाहेर बोलायची भाषा क्रिओल, कारभाराची इंग्रजी, वर्तमानपत्राची फ्रेंच. अशा गलक्यात आपलं काही टिकावं ही आशाच करायला नको होती. तरी टिकलं.

हेन्रिएटा नावाच्या गावात १८९६ साली भिवाजी घराण्याने पहिल्यांदा गणपती बसवला, असं तिथे सांगतात. म्हणजे लोकमान्यांनी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर दिला त्याच सुमारास, समुद्रापार, उसाच्या मळ्यात गणपती आला. आज गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते. सगळ्या जातीधर्माची माणसं विसर्जन पाहायला येतात. कोकणातली जाखडी तिकडे ‘झाकरी’ या नावाने नाचली जाते. कास्काव्हेल गावात विठ्ठल-रखुमाईचं देऊळ आहे. शाळेत मुलांना मराठी शिकता येतं. २०२३ साली तिथल्या महाराष्ट्र भवनात शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला.

हे टिकवलं ते ‘बैठकां’नी. बैठक म्हणजे गावातली एक साधी खोली. दिवसभर फडात राबून संध्याकाळी तिथे जमायचं, पोथी वाचायची, भजन करायचं, पोरांना अक्षरं गिरवायला लावायचं. या अक्षरांचा एक फायदा तर कोणी कल्पनाही केली नसेल. १९४७-४८ मध्ये कायदा बदलला आणि ज्याला साधं लिहिता-वाचता येतं त्याला मताचा हक्क मिळाला. मग ते हिंदुस्थानी भाषेत का असेना. गावोगाव कार्यकर्त्यांनी म्हाताऱ्या माणसांना कंदिलाच्या उजेडात सही शिकवली. त्याआधी सुमारे १२ हजार मतदार होते, ते १९४८ च्या निवडणुकीत सुमारे ७२ हजार झाले. ज्याची ओळख नंबरावर होती त्याच्या पोराने स्वतःच्या नावाची सही केली आणि मत टाकलं.

नातवंडांपुढचा प्रश्न

इथे गोष्ट सुखाने संपवता आली असती. पण खरं सांगायचं तर आजोबांच्या त्या जमिनीची आज चिंता आहे.

१९७५ पासून युरोपच्या बाजाराने मॉरिशसची दर वर्षी पाच लाख टनांच्या आसपास साखर चढ्या, ठरलेल्या भावाने घेतली. त्यावर छोटे उत्पादक तरले. मग युरोपने धोरण बदललं. २००६ पासून भाव ३६ टक्क्यांनी उतरवला आणि २००९ साली तो करारच संपवला. १९७३ साली ज्या बेटाने सात लाख टनांवर साखर केली होती, तिथे अलीकडच्या वर्षांत ती अडीच लाख टनांच्या आसपास येऊन ठेपली. एके काळी अडीचशेच्या घरात असलेले कारखाने आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. ते नुसत्या साखरेवर जगत नाहीत. बगॅसपासून वीज, मळीपासून मद्यार्क, अशी जोड त्यांनी दिली.

छोट्या उत्पादकाला दुसरं दुखणं आहे वाटणीचं. तिथला वारसा कायदा फ्रेंच वळणाचा, सगळ्या मुलामुलींना हिस्सा. आजोबांची दोन आर्पां मुलांत वाटली, मग नातवंडांत. कागदावर दहा-बारा नावं. त्यातला एक पोर्ट लुईत कचेरीत, एक हॉटेलात, एक इंग्लंडात, एक ऑस्ट्रेलियात. तोडणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. मग खोडवा तसाच पडतो, त्यात झुडपं माजतात. ज्या मातीसाठी आजोबांनी दगड वेचले, ती पुन्हा रानाच्या हवाली!

सरकारने यावर एक योजना काढली. शेजारशेजारचे छोटे तुकडे एकत्र करायचे, यंत्राने दगड काढायचे, पाण्याची सोय करायची, आणि लागणी-तोडणी एकत्र करायची. मालकी ज्याची त्याची. काही ठिकाणी हे साधलं. जिथे भावाभावांत बोलणं होतं तिथे साधलं, असं म्हणायला हरकत नाही. जिथे कागदावरची माणसं एकमेकांना ओळखतही नव्हती, तिथे घोडं अडलं. कारण सही करायला सगळे वारस लागतात.

आपल्यापुरता विचार

सभासद बंधूंनो, ही मॉरिशसची गोष्ट वाचताना कुणाला आपलं घर आठवलं नसेल? आपल्याकडेही एका सातबाऱ्यावर आठ-दहा नावं असतात. एक भाऊ पुण्यात, एक मुंबईत. बहीण सासरी. ऊस कसतो एकच, आणि नोंद अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर.

तोच प्रकार शेअरचा. आपल्या आजोबांनी पै-पैशाने शेअर घेतला तेव्हा कारखाना कुठे होता? माळावर नुसती आखणी होती. कुणी गाय विकली, कुणी बायकोचा दागिना गहाण टाकला. तो शेअर म्हणजे नुसता कागद नव्हे. काटा आपल्या हातात असण्याचा तो हक्क आहे. युनियन फ्लाकला चौघे मेले ते याच हक्कासाठी. आणि तो शेअर आज मयत सभासदाच्या नावावर तसाच पडून राहत असेल, तर मत बुडतं, सभेत बोलणारा एक माणूस कमी होतो, आणि पुढे भाऊबंदकी लागते ती वेगळीच.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३० मध्ये सभासद वारल्यावर शेअर वारसाच्या किंवा नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे करण्याची तरतूद आहे. हयात सभासदाने आपलं नामनिर्देशन आजच करून ठेवावं. जिथे सभासद वारले आहेत तिथे घरच्यांनी मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद घेऊन शेअर विभागात यावं. भावांनी, बहिणींनी एका सतरंजीवर बसून ठरवावं. लेकींचा हक्क डावलू नये, कायद्यानेही आणि रीतीनेही. एकत्र कसायचं असेल तर तसं बोलून ठरवा. वाटायचं असेल तर कागद करून वाटा. पण अर्धवट लोंबकळत ठेवू नका.

आणखी एक विनंती. आपले आजोबा कुठून आले, कुठल्या कालव्याच्या पाण्यावर पहिली लागण केली, जमीन कशी घेतली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. मॉरिशसच्या नातवंडांना आजोबांचं गाव शोधायला सरकारी नोंदवहीत जावं लागतं, कारण विचारायला कोणी उरलं नाही. आपल्याकडे अजून माणसं आहेत. दिवाळीला घर भरलं की तेवढं काम उरकून घ्या.